वन्सं, छत कोणाचं?

वन्सं, आधी तक्रार ऐकून घ्या, बाकीचं मागाहून.

शनिवारी आपल्याला खरडला जायचं होतं, आपल्या नातीने, मृणूने पसंत केलेला फ्लॅट बघायला. "स्वेटरवर स्वेटर घालीन, पण येईन," असं तुम्हीच म्हणाला होतात. आणि बुधवारी पहाटे झोपेतच निघून गेलात. घर बघायचं ठरवून ऐनवेळी टांग देणाऱ्यांना तुम्ही काय काय बोलायचात ते मला तोंडपाठ आहे. तुमच्या फोटोसमोर बसून त्यातलं बरंचसं म्हणूनही झालं. तुमच्या भावाला वाटलं, मी स्तोत्र म्हणतेय.

भेटायला येणाऱ्यांची रीघ अजून थांबलेली नाही. कुणी गेलं की त्या माणसाने आपल्याला काय दिलं ते लोक सांगतात. तुमच्या बाबतीत उलटंच चाललंय. जो तो सांगतो, ताईंनी आम्हाला काय घेऊ दिलं नाही. महाराष्ट्र मंडळातले ते उंच गृहस्थ, बदलीवर आले आणि इथलेच झाले ते, काल डोळे पुसत सांगत होते, "मुल्लानपूरचा प्लॉट घेणारच होतो. ताईंनी नकाशावर बोट ठेवून विचारलं, हा रस्ता छापलाय छान, पण ऑफिसला तुम्ही कागदावरून जाणार का?" आज तिथे टाउनशिपची भली मोठी कमान आहे म्हणे, आणि कमानीच्या आत अजून मोहरी डुलतेय. न घेतलेल्या घरांसाठी इतकी माणसं तुमचं नाव काढतायत. असं भाग्य कुणाला मिळतं हो?

त्या सगळ्यांत पहिला नंबर माझा. आठवतंय ना?

मी अकोल्याची. उन्हातच वाढलेली, आणि त्याचा केवढा तोरा! तुमच्या भावाची बदली चंदीगडला झाली आणि आम्ही इथे उतरलो ते ऐन हिवाळ्यात. धुक्यात समोरचं झाड दिसेना, धुतलेले कपडे वाळेनात, पोळ्या लाटताना बोटं हलेनात. सेक्टर ३९ मध्ये तुमच्या यजमानांच्या संस्थेचं क्वार्टर होतं, तिथे तुमच्या हीटरला मिठी मारून मी बसायची. अशात एका डीलरने एक घर दाखवलं. दुपारची वेळ, मोठी खिडकी, आणि खिडकीतून आत थेट पलंगापर्यंत ऊन! मी त्या उन्हात जाऊन उभी राहिले ती हलेचना. बाथरूम पाहिलं नाही, स्वयंपाकघर पाहिलं नाही, कागद तर सोडाच. "हेच घर," असं जाहीर केलं. डीलरने लगेच सांगितलं, "दूसरी पार्टी बैठी है जी." मी घाबरून ह्यांचा हात धरला. ही दुसरी पार्टी पुढे जन्मभर प्रत्येक घराच्या वेळी बसलेलीच असायची. तिला मी आजतागायत पाहिलेलं नाही.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तुम्ही नुसतं विचारलंत, "पश्चिमेची आहे ना गं खिडकी?"

मी म्हटलं, "वन्सं, अकोल्याच्या मुलीला ऊन शिकवू नका."

तुम्ही हसलात आणि मला घेऊन वरच्या मजल्यावर गेलात. तिथे तशीच खिडकी, तसंच ऊन. ओळख ना पाळख, प्यायला पाणी मागितलंत, त्या बाईंच्या मटाराच्या ढिगाशी मांडी ठोकून बसलात आणि शेंगा सोलायला घेतल्यात. "घर कसं आहे?" हे एकदाही विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, "जून में दोपहर को कहाँ बैठते हो जी?"

ती बाई मनापासून म्हणाली, "दोपहर को? दोपहर को तो मैं अपनी बहन के घर चली जाती हूँ!"

जिन्यातून उतरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तुला इथे बहीण नाही, नलू. माझ्याकडे यावं लागेल, आणि मी दुपारी झोपते."

अकोल्याची मुलगी हिवाळ्याच्या उन्हाला भुलली! जूनमध्ये भट्टी होईल हे जिला न सांगता कळायला हवं, ती बाई पश्चिमेच्या खिडकीत मांजरीसारखी अंग टाकून बसली होती. आजही आठवलं की मला माझीच वेणी ओढावीशी वाटते. तेव्हा वेणी होती तरी.

त्या दिवसापासून मी तुमच्या मागे मागे फिरायला लागले. मंडळात कुणी नवं आलं आणि घर शोधतंय म्हटलं की आपली स्वारी निघायची. तुमची पद्धत मी डोळ्यांनी शिकले. नव्या रंगाचा वास आला की तुम्ही सावध व्हायचात. घाईघाईने रंगवलेल्या घरात कुठेतरी ओल असतेच, म्हणून ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून हुंगायचात. भिंतीवर अवघड जागी कॅलेंडर दिसलं की आधी त्यावरच्या शीख गुरूंना हात जोडायचात आणि मग अलगद कॅलेंडर उचलून मागची भिंत बघायचात. एका घराला पसंती द्यायच्या आत त्याला तीनदा भेटायचंच: एकदा सकाळी पाण्याच्या वेळेला, एकदा संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या परत आल्यावर, आणि एकदा धो धो पाऊस पडून गेल्यावर. "स्थळ बघतो तसं बघायचं," तुम्ही म्हणायचात, "पावडर लावून बसलेलं सगळेच बघतात."

आणि लिंबू! लिंबाची गोष्ट मी मृणूला इतक्या वेळा सांगितलीय की ती अर्ध्यातच हसायला लागते. खरड तेव्हा छोटंसं गाव होतं. तिथल्या एका घराच्या बाथरूममध्ये तुम्ही पर्समधून लिंबू काढलंत आणि फरशीच्या मधोमध ठेवलंत. फरशीचा उतार कुठे आहे, पाणी मोरीकडे जाईल की खोलीत येईल, ते बघायला. नेमकी घरमालकीण दारात आली. परकी बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, खाली मान घालून लिंबाकडे टक लावून बसलेली. तिचा चेहरा पांढराफटक. "हाय रब्बा! ए की करदे ओ तुसीं?" तिला वाटलं, आपण तिच्या घरावर करणी करतोय. मी पळायच्या बेतात होते. तुम्ही मात्र शांतपणे म्हणालात, "बहनजी, पानी का रास्ता देख रही हूँ. आप भी देखो."

लिंबू मोरीकडे ढुंकूनही न बघता गडगडत दाराबाहेर, थेट बेडरूममध्ये. ती बाई नवऱ्याच्या नावाने जी काही ओरडली! "तभी तो मेरा पायदान हमेशा गीला! और ये कहते थे, तू पैर ठीक से नहीं पोंछती!" घर आपण घेतलं नाही, पण त्याच लिंबाचं सरबत पिऊन आलो. ती बाई पुढे दर लोहडीला तुम्हाला रेवडी पाठवायची.

मग आमचं घर. सेक्टर ४० मधलं, वरचा मजला. तुम्ही एकच प्रश्न लावून धरलात, "छत कोणाचं?" मला कळेचना. आपल्याकडे गच्ची म्हणजे सगळ्यांची. इकडे मजल्या-मजल्याने घर विकतात आणि छताचा हक्क वेगळा लिहितात, हे माझ्या गावीही नव्हतं. मी म्हटलं, "वन्सं, मला छतावर काय नाचायचंय?" तुम्ही म्हणालात, "वरचा मजला तापतो. छत तुझं असेल तर त्याला चुना मारता येईल. दुसऱ्याचं असेल तर नुसतं तापशील. टाकी, गळती, वरचं बांधकाम, सगळी भांडणं छतावरूनच खाली येतात." छत आमच्या नावाने खरेदीखतात येईपर्यंत तुम्ही ह्यांना सहीच करू दिली नाहीत. डीलर तुम्हाला 'छतवाली आंटी' म्हणायचा.

सगळे कागद बघून झाल्यावर तुम्ही बाथरूममध्ये शिरलात. पर्समधून लिंबू काढलंत, हातात थोडं खेळवलंत, माझ्या तोंडाकडे पाहिलंत आणि लिंबू परत पर्समध्ये टाकलंत. मला वाटलं, घर इतकं पसंत पडलं की लिंबाचीही गरज उरली नाही. मी खूश.

तुमच्या स्वतःच्या घराबद्दल मात्र तुम्ही एकदाच बोललात. आमच्याच छतावर, हिवाळ्यातल्या दुपारी. तोवर मी समजायची, वन्सं जन्मतःच शहाण्या. शहराच्या कडेला एका गावालगत तुम्ही दोघांनी छोटंसं घर घेतलं होतं. त्या काळी इकडे सर्रास मुखत्यारपत्रावर घरं हातोहात फिरायची. मालक लिहून द्यायचा की माझ्या वतीने हा माणूस सगळं करील. घर ताब्यात यायचं, पण नावावर व्हायचं नाही. "म्हातारा अगदी भला होता," तुम्ही म्हणालात. "त्याने शब्द मोडला नाही. तो फक्त वारला." मग मुलं दारात येऊन उभी राहिली: बापूंनी दिलं असेल, आम्ही दिलेलं नाही.

"मुखत्यारपत्र माणसाबरोबर संपतं, नलू," तुम्ही म्हणालात. "सही करणारा हात थंड झाला की उरतो तो नुसता कागद."

ते घर सोडताना तुम्ही दारातला कढीपत्ता तेवढा मुळासकट उपटून आणलात, तोच पुढे आमच्या छतावरच्या कुंडीत आला. पुढे तुम्ही कधीच घर घेतलं नाहीत. "भाड्याच्या घरात छत मालकाचं, आणि गळतं तेही मालकाचंच," असं म्हणून हसायचात. त्या हसण्याच्या मागे काय होतं ते विचारायचं माझ्या मनात कितीदा तरी आलं. विचारलं नाही. अख्ख्या गावाच्या बायकांना जून कसा जातो ते विचारणाऱ्या तुम्ही. तुमचा जून कसा गेला, ते कुणी विचारलंच नाही. हे माझ्याकडून राहिलंच.

आणि आपलं ते भांडण. तेही अर्धवटच राहिलं.

मृणू आपली मोठी झाली, मोहालीत कंपनीत लागली, स्वतःच्या कमाईवर घर घ्यायला निघाली. तिने फ्लॅटचे फोटो दाखवले आणि मी विरघळले. बाल्कनीतून लांबवर डोंगर दिसतायत, सकाळचं कोवळं ऊन आहे. मी तुम्हाला म्हटलं, "मला तर आवडलं. तुम्ही या, आणि काही वाकडं असेल तर तुम्हीच नाक मुरडा. तुमचं ती ऐकते."

तुम्ही खोकत म्हणालात, "तू का नाही मुरडत?"

"मला नाही म्हणता येत नाही. लेकराचा चेहरा पडतो."

"माझ्या तोंडाने किती दिवस नाही म्हणणार आहेस तू? सगळ्यांशी वाईट मीच व्हायचं, आणि तू मागून लाडू घेऊन यायचं."

"मग? वाटणी चांगली आहे की!"

"आणि मी नसेन तेव्हा?"

"काहीतरी अभद्र बोलू नका," असं म्हणून मी चहा टाकायला उठले. रागावले होते. चहात साखर कमी पडली होती, ते तुम्ही बोलून दाखवलं नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तर शनिवारी तुम्ही नव्हतात. मृणू म्हणाली, "आजी, रहने देते हैं, पुढच्या आठवड्यात बघू." पण रविवारी बयाना द्यायचा होता, आपला विसार हो, आणि डीलरचा फोन आला: दूसरी पार्टी बैठी है. त्या पार्टीचं नाव ऐकलं आणि मी उठले. तुमचा भाऊ म्हणाला, "अगं, सुतकात कुणी घर बघायला जातं का?" मी म्हटलं, "जिचं सुतक आहे तिनेच पाठवलंय." भाजीच्या टोपलीतून लिंबू उचललं आणि निघाले.

खरड आता ओळखू येत नाही. जिथे आपण सरबत प्यायलो तिथे मुलींची पीजी होस्टेलं आहेत. फ्लॅट वरच्या मजल्यावर. दाखवायला लक्की नावाचा तरुण होता, मालकाचा पुतण्या. नम्र, 'आंटीजी, आंटीजी' करणारा. वन्सं, मी सगळं केलं हो. ओट्याखाली डोकं घातलं. नळ सोडून ठेवले. पाऊस काही मागवता आला नाही, पण खालच्या दुकानदाराला विचारलं, पावसात पाणी कुठवर येतं, म्हणाला, रस्त्यापर्यंतच. छत? छत कागदात लिहिलेलं. लिंबू ठेवलं तर शहाण्या बाळासारखं सरळ मोरीकडे गेलं. मृणूने टाळ्या वाजवल्या. "आजी, पास!" बाल्कनीत ती उन्हात जाऊन उभी राहिली आणि हलेचना. मला ती पाहवेना. अगदी मीच हो, फक्त जीन्समधली.

मी 'घेऊन टाक' म्हणायला तोंड उघडलं, आणि तुमचं बोट आठवलं. कागदावर पहिल्या ओळीपाशी टेकलेलं. मालक कोण?

मालक लक्कीचे तायाजी, म्हणजे थोरले काका. राहतात कॅनडात. लक्कीकडे त्यांचं मुखत्यारपत्र.

मी गोड आवाजात म्हटलं, "लक्की बेटा, तायाजी को सत श्री अकाल तो कहने दो. फोन लगाओ."

"आंटीजी, वहाँ तो अभी रात है."

"तो सुबह कर लेंगे."

"सुबह वो... तबीयत ज़रा ढीली रहती है जी."

मी तहान लागली म्हणून समोरचं दार वाजवलं. सरसों का साग घोटणाऱ्या बाईंकडे पाणी मागितलं, वेताच्या मोड्यावर बसले आणि म्हटलं, "सामनेवाले तायाजी बड़े भले आदमी हैं ना?"

"बहुत भले थे जी," त्या रवी थांबवून म्हणाल्या. "पिछली सर्दियों में पूरे हो गए. यहाँ गुरुद्वारे में भी भोग रखा था, मैं खुद गई थी."

भोग म्हणजे आपलं तेरावंच. आपल्याकडे माणूस जातो. इथे पूरा होतो. बुधवारपासून मी हा शब्द ऐकतेय, 'आपकी ननद पूरी हो गईं', आणि दर वेळी मनात म्हणतेय, कुठे पूर्ण झाल्या? एक घर बघायचं राहिलंय. तिथे त्या मोड्यावर, हातात पाण्याचा पेला, आणि माझी खात्री पटली की तुम्ही आमच्याबरोबर आलाच होतात.

पण 'नाही' म्हणायला मात्र तुम्ही आला नाहीत. ते काम तेवढं माझ्यावर ठेवलंत.

मी परत आले. लक्कीला म्हटलं, "बेटा, तायाजी तो रहे नहीं. तुम्हारा ये कागज़ भी उन्हीं के साथ गया. उनके बच्चों को बुलाओ, घर पहले उनके नाम चढ़े, वो सब साइन करें, तब बयाना. आज नहीं."

तो खजील झाला. लबाड नव्हता बिचारा. "आंटीजी, घर की ही बात है, सब भाई राज़ी हैं."

"राज़ी हैं, तो आ जाएँगे."

आणि मृणूचा चेहरा पडला. अगदी मला भीती होती तसाच. गाडीत म्हणाली, "आत्याआजी होती तो वो भी यही कहतीं. पण त्यांनी मला आधी हसवलं असतं."

"मला नवीन आहे हे काम," मी म्हटलं. "पुढच्या वेळी हसवीन."

वन्सं, नाही म्हणायचं मुखत्यारपत्र मी तुम्हाला जन्माचं लिहून दिलं होतं. ते तुमच्याबरोबर संपलं. शनिवारी पहिल्यांदा माझी सही मी केली. जरा वाकडीतिकडी आली, पण केली. आपलं भांडण तुम्ही जिंकलात. तुमच्यासारखं हळुवार नाही जमलं. पेलाभर पाणी मागून समोरच्याच्याच तोंडून खरं वदवून घ्यायचं आणि कुणालाही लाजवायचं नाही, हे तुमचंच. मी लक्कीला लाजवलं. शिकेन.

आता शेवटचं. काल मृणूचा रुसवा निघाला. पर्समधलं लिंबू काढून ती म्हणाली, "आजी, अपने घर का टेस्ट करें?" मी म्हटलं, "वेडी आहेस का, हे घर तुझ्या आत्याआजीने पास केलंय." तिने बाथरूमच्या मधोमध लिंबू ठेवलं.

ते मोरीकडे गेलंच नाही. गडगडत आलं ते दाराबाहेर, पायपुसण्यावर येऊन थांबलं.

वन्सं! त्या पायपुसण्यावरून मी तुमच्या भावाला उभा जन्म बोलले. पाय नीट पुसत नाहीत, लहानपणी कुणी वळण लावलं नाही, असं तुमच्या तोंडावर म्हटलंय. आणि तुम्ही चहा पीत ऐकून घ्यायचात! तुम्हाला माहीत होतं. त्या दिवशी लिंबू हातात खेळवून माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि ठरवलंत, छत आहे, कागद आहेत, पूर्वेचं ऊन आहे. फरशीचं एवढं हिला जन्मात कळणार नाही आणि कळलं तरी चालेल. कशावर अडून बसायचं आणि काय पर्समध्ये परत टाकायचं, हे ज्याला कळतं त्यालाच घर कळतं. लिंबू तर कुणीही ठेवील.

ह्यांची माफी मी अजून मागितलेली नाही. मागीन. मृणू सारखी माझ्याकडे बघून हसतेय, म्हणजे फार दिवस टाळता यायचं नाही.

पायपुसणं सकाळीच पिळून वर वाळत घातलंय, तुमच्या कढीपत्त्याशेजारी. ऊन चांगलं आहे. छत आपलं आहे, वन्सं.